नवे पत्ते, जुने दुवे: एका संकेतस्थळाचं यूआरएल राउटिंग बदलताना

एका संस्थेच्या ज्ञानसंग्रहाच्या संकेतस्थळावर यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, स्वच्छ करण्याचं काम झालं, त्याची ही हकीकत आहे. संस्था, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर उभारतात तो तयार सांगाडा, यी २ होतं (ते पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत आहे), पण यातल्या बहुतेक गोष्टी पीएचपीच्या कोणत्याही फ्रेमवर्कला थोड्याफार फरकाने लागू पडतात.

पार्श्वभूमी

संकेतस्थळावर लेख, अहवाल आणि परिपत्रकं होती. शोधाचं पान होतं आणि अभिप्राय पाठवण्याचा फॉर्मही होता. यी २ बसवल्यावर जशी मूळ मांडणी मिळते तशीच ती वर्षानुवर्षं चालू होती. त्यामुळे प्रत्येक पत्ता असा दिसायचा: इंडेक्स.पीएचपी?आर=लेख/दर्शन&आयडी=४२. यातला 'आर' हा पॅरामीटर फ्रेमवर्कला कोणता कंट्रोलर (एका विषयाचा कोड) आणि त्यातली कोणती ॲक्शन (एक ठरावीक काम) चालवायची ते सांगतो (या जोडीला राउट म्हणतात), बाकीचे पॅरामीटर त्या ॲक्शनकडे जातात. यंत्राच्या दृष्टीने यात काही खोट नाही.

माणसाच्या दृष्टीने मात्र होती. संपादकांची तक्रार साधी होती: दुवा पाठवला की समोरच्याला तो कशाचा आहे ते कळत नाही. छापील अहवालात पत्ता द्यायचा झाला तर प्रश्नचिन्हं आणि बरोबरची चिन्हं मुद्रितशोधनात हमखास चुकतात. शिवाय पत्त्यात 'पीएचपी' दिसतं. उद्या तंत्र बदललं तर ते शेपूट वागवायचं की प्रत्येक दुवा मोडायचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता, पण विचारायला हवा होता.

टीम छोटी होती: मुख्य डेव्हलपर, सर्व्हर सांभाळणारी एक अभियंता आणि संपादकांतर्फे बोलणारे एक ज्येष्ठ सहकारी. काम 'कॉन्फिगरेशनमधल्या चार ओळी' म्हणून यादीत आलं होतं. ओळी खरंच तेवढ्याच असतात. यूआरएल मॅनेजर या घटकात 'एनेबल प्रिटी यूआरएल' चालू करायचं, 'शो स्क्रिप्ट नेम' बंद करायचं, 'रूल्स'मध्ये नियम लिहायचे आणि अस्तित्वात नसलेल्या फाइलची प्रत्येक विनंती इंडेक्स.पीएचपीकडे वळवायला सर्व्हरला सांगायचं.

पत्त्याचा आकार ठरवताना

पहिला पर्याय सगळ्यांत स्वस्त होता: फक्त स्क्रिप्टचं नाव लपवायचं, पत्ता '/लेख/दर्शन?आयडी=४२' असा होऊ द्यायचा. नियम लिहावे लागत नाहीत, काही मोडण्याची शक्यता कमी. पण संपादकांची मूळ तक्रार तशीच राहते. विषय पत्त्यात कुठेच नाही.

दुसरा पर्याय संपादकांचा लाडका होता: फक्त स्लग, म्हणजे मथळ्यावरून बनवलेला पत्त्याचा तुकडा. '/लेख/पाणी-वापर'. वाचायला सुंदर, छापायला सोपा. गोची अशी की मथळा बदलला की स्लग बदलतो आणि जुना दुवा मेला. तो जिवंत ठेवायचा तर स्लगच्या इतिहासाचं वेगळं टेबल हवं, दोन लेखांना एकच मथळा असला तर काय करायचं याचा नियम हवा, आणि संपादकांनी मथळे कमी वेळा बदलावेत अशी आशाही हवी. त्या संस्थेत मथळे प्रकाशनानंतरही बदलत. ही गोष्ट चर्चेत सहज निघाली आणि निर्णय तिनेच केला.

तिसरा पर्याय आयडी आणि स्लग दोन्ही ठेवण्याचा: '/लेख/४२/पाणी-वापर'. लेख शोधायचा तो आयडीवरून. स्लग वाचणाऱ्यासाठी. स्लग चुकीचा, अर्धवट किंवा जुना असेल तर आयडीवरून लेख काढायचा आणि योग्य पत्त्याकडे रीडायरेक्ट करायचं, म्हणजे ब्राउझरला तिकडे पाठवायचं. टीमने हा घेतला. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यांत फलदायी निर्णय होता, कारण पुढे दोन ठिकाणी त्यानेच वाचवलं. पत्ता थोडा लांबतो, हे खरं.

चौथा पर्याय, म्हणजे पत्ते आहेत तसेच ठेवून पानात फक्त कॅनॉनिकल दुवा द्यायचा, फार वेळ चर्चेत टिकला नाही. कॅनॉनिकल दुव्याची सोय शोधयंत्रांनी २००९ मध्ये आणली ती एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतात तेव्हा मुख्य कोणता हे सांगण्यासाठी. इथे चांगला पत्ताच नव्हता, मग मुख्य म्हणून दाखवायचं काय?

स्लग देवनागरीत की रोमन लिपीत, यावरही बरंच बोलणं झालं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन वर्णांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाचे नऊ वर्ण. काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजायचे. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता नीट दिसतो, पण ईमेलमध्ये चिकटवला की टक्केचिन्हांची माळ होते आणि काही ठिकाणी ती मध्येच तुटते. स्लग-फक्त रचना असती तर तुटलेला दुवा म्हणजे हरवलेला लेख. आयडी आधी असल्यामुळे शेपूट तुटली तरी लेख सापडणार होता. म्हणून देवनागरी स्लगची जोखीम घेता आली.

सर्व्हरवरचा पहिला टप्पा

डेव्हलपरच्या यंत्रावर अपाची हा वेब सर्व्हर होता. त्याने .एचटीॲक्सेस या अपाचीच्या फोल्डरपुरत्या सूचनांच्या फाइलमध्ये नेहमीच्या ओळी लिहिल्या: रीराइट इंजिन चालू, मागितलेली गोष्ट खरी फाइल नसेल आणि खरा फोल्डरही नसेल तर विनंती इंडेक्स.पीएचपीकडे. सगळं चाललं. चाचणी सर्व्हरवर, तोही अपाचीच, मुखपृष्ठ सोडून प्रत्येक पान ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. कारण अपाची २.४ मध्ये 'अलाउ-ओव्हरराइड'चं मूळ मूल्य 'नन' आहे. सर्व्हर .एचटीॲक्सेस वाचतच नाही आणि तसं सांगतही नाही. डेव्हलपरच्या यंत्रावर कोणीतरी फार पूर्वी ते 'ऑल' करून ठेवलेलं होतं.

प्रत्यक्ष संकेतस्थळ तर एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर होतं, जो .एचटीॲक्सेसला ओळखतच नाही. तिथे 'ट्राय_फाइल्स' वापरावं लागतं: आधी मागितलेली फाइल बघ, मग फोल्डर बघ, नाहीतर इंडेक्स.पीएचपी. अभियंतेने पहिल्यांदा शेवटचा भाग नुसता '/इंडेक्स.पीएचपी' असा लिहिला. पानं उघडू लागली. शोधाच्या निकालात मात्र दुसऱ्या पानावर टिचकी मारली तरी पहिलंच पान येई. 'ट्राय_फाइल्स'च्या शेवटच्या पत्त्याला क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) हाताने जोडावी लागते, नाहीतर ती गळून पडते आणि पीएचपीला एकही पॅरामीटर मिळत नाही. शेवटी प्रश्नचिन्ह आणि आर्ग्युमेंट यांची व्हेरिएबल जोडल्यावर ते सुटलं.

तीन यंत्रं, तीन वागणुकी. इथे टीमने एक चांगला निर्णय घेतला: चाचणी सर्व्हर अपाचीवरून एनजिनएक्सवर हलवला, तोही प्रत्यक्ष सर्व्हरचीच कॉन्फिगरेशन फाइल घेऊन. वेळ गेला, कुरकूर झाली. पण त्याशिवाय पुढच्या चुका चाचणीत दिसल्याच नसत्या.

आणखी एक गोष्ट पहिल्याच टप्प्यात निघाली. जुन्या लेखांच्या मजकुरात चित्रांचे पत्ते सापेक्ष होते, म्हणजे 'चित्रे/नकाशा.पीएनजी' असे. पान मुळाशी असताना ते बरोबर होते. पान '/लेख/४२/पाणी-वापर' झालं की ब्राउझर तेच चित्र '/लेख/४२/चित्रे/नकाशा.पीएनजी' इथे शोधतो. ते तिथे नसतं. मग 'ट्राय_फाइल्स' ती विनंती इमानदारीने इंडेक्स.पीएचपीकडे पाठवतो, आणि एका हरवलेल्या चित्रासाठी अख्खं फ्रेमवर्क उभं राहून ४०४चं सजवलेलं पान तयार करतं. एका लेखात चित्रं भरपूर असली की सर्व्हरवरचा भार का वाढला ते शोधत बसावं लागतं. उपाय दोन केले. मजकुरातले पत्ते तिरक्या रेघेने सुरू होतील असे डेटाबेसमध्ये दुरुस्त केले. आणि चित्रं, स्टाइलशीट यांच्या विस्तारांसाठी एनजिनएक्समध्ये वेगळा 'लोकेशन' ब्लॉक लिहिला: फाइल नसेल तर तिथेच ४०४, पीएचपीला उठवायचं नाही.

जो बिघाड कोणाला दिसला नाही

नवी रचना प्रत्यक्ष संकेतस्थळावर चढली. नवे पत्ते नीट उघडत होते. देखरेखीचा फलक हिरवा होता. ४०४ची संख्या वाढली नाही. मुखपृष्ठाच्या भेटी तर वाढल्याच, आणि संपादक मंडळी त्यावर खूश होती.

भेटी वाढण्याचं कारण वेगळं होतं. यी २ मध्ये 'एनेबल प्रिटी यूआरएल' चालू केलं की फ्रेमवर्क विनंतीचा मार्ग पत्त्यातल्या पाथवरून ठरवतं आणि 'आर' या पॅरामीटरकडे बघणंच सोडून देतं. जुना दुवा इंडेक्स.पीएचपी?आर=लेख/दर्शन&आयडी=४२ असा आला की पाथ रिकामा, आणि रिकामा पाथ म्हणजे मूळ राउट, म्हणजे मुखपृष्ठ. तेही २०० या यशाच्या कोडसह. बाहेरच्या संकेतस्थळांवरचे, जुन्या ईमेलमधले, छापील अहवालांतले सगळे दुवे मुखपृष्ठावर येत होते. वाचक बिचारा लेख शोधत मुखपृष्ठावर उभा, आणि आकडेवारीत ती एक वाढीव भेट.

४०४ आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. इथे कोणतीच चूक नोंदली जात नव्हती, कारण फ्रेमवर्कच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. शोधयंत्रालाही शेकडो पत्त्यांवर तेच ते मुखपृष्ठ मिळत होतं. हे उघडकीला आलं ते एका वाचकाच्या पत्रामुळे: 'तुमचा अहवाल काढून टाकला का?' पत्र संपादकांकडे गेलं, त्यांनी लेख नव्या पत्त्यावर आहे असं उत्तर दिलं आणि विषय जवळजवळ तिथेच संपला होता. अभियंतेने सहज म्हणून पत्रातला जुना दुवा स्वतः उघडून बघितला.

रीडायरेक्ट कुठे आणि कोणता

दोन ठिकाणं होती: सर्व्हरची कॉन्फिगरेशन किंवा ॲप्लिकेशन. अभियंतेचं म्हणणं सर्व्हरवर करावं, पीएचपी उठायच्या आधीच काम होतं. पण जुन्या पत्त्यात फक्त आयडी होता आणि नव्यात स्लग हवा. स्लग डेटाबेसात. सर्व्हरवरून '/लेख/४२' इथे पाठवायचं आणि तिथून ॲप्लिकेशनने पूर्ण पत्त्याकडे, म्हणजे प्रत्येक जुन्या दुव्याला दोन उड्या. शिवाय सर्व्हरचे रीराइट नियम पाथवर चालतात. क्वेरी स्ट्रिंग बघायला वेगळी अट लिहावी लागते आणि जुनी क्वेरी स्ट्रिंग नव्या पत्त्याला चिकटून पुढे जाणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. इंडेक्स.पीएचपीवरून बाहेरचं रीडायरेक्ट आणि इंडेक्स.पीएचपीकडे आतलं वळण हे दोन्ही एकाच फाइलमध्ये लिहिलं की ते एकमेकांना गोल फिरवण्याचा धोका असतोच.

म्हणून ॲप्लिकेशन. विनंती हाताळणी सुरू होण्याआधीच्या 'बिफोर रिक्वेस्ट' या घटनेवर एक छोटा हँडलर बसवला. पाथ रिकामा आणि 'आर' हजर असेल तरच तो जागा होतो. जुने राउट नव्या राउटशी जोडणारी एक तक्ता-फाइल, त्यातून नवा राउट, डेटाबेसमधून स्लग, आणि पत्ता बनवायचं काम यूआरएल मॅनेजरकडेच. पान क्रमांक, वर्गवारीसारखे उरलेले पॅरामीटर जसेच्या तसे पुढे. तक्त्यात नसलेल्या 'आर'ला ४०४. कायमच्या बंद केलेल्या विभागांना ४१०, म्हणजे 'होतं, आता नाही'.

ही तक्ता-फाइल कशावरून भरायची? डेव्हलपरने कोडमधले कंट्रोलर चाळून यादी केली. अभियंतेने सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींतून, 'आर'ची प्रत्यक्षात आलेली सगळी मूल्यं काढली. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत. लॉगमध्ये असे राउट होते जे कोडमधून कधीच गेले होते पण लोक अजूनही मागत होते, आणि मोठी-लहान इंग्रजी अक्षरं चुकवून लिहिलेलेही होते. लॉगची यादी खरी मानली गेली.

३०१ (कायमचं रीडायरेक्ट) की ३०२ (तात्पुरतं)? कायमचा बदल म्हणून ३०१ हेच योग्य. पण ३०१ ब्राउझर साठवून ठेवतो, आणि तक्त्यात चूक असली तर वाचकाच्या यंत्रावर जाऊन ती पुसता येत नाही. टीमने सुरुवातीला ३०२ ठेवला, लॉगमधल्या जुन्या पत्त्यांची यादी एका छोट्या स्क्रिप्टने फिरवली, आणि मग ३०१ केला. स्क्रिप्ट प्रत्येक पत्त्यासाठी तीन गोष्टी बघायची: पहिला कोड कोणता, एकाच उडीत पोचतो का, आणि पोचलेल्या पानाचं शीर्षक अपेक्षित लेखाचंच आहे का. तिसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण नुसत्या २०० वर विसंबल्यानेच आधीचा घोळ लपला होता.

फॉर्मचा प्रश्न

रीडायरेक्ट चालू झाल्यावर एक सहयोगी संस्था म्हणाली की त्यांच्या पोर्टलवरून येणारे अभिप्राय पोचत नाहीत. ते पोर्टल जुन्या पत्त्यावर पोस्ट विनंती, म्हणजे भरलेला मजकूर सोबत नेणारी विनंती, पाठवायचं. लॉग मागे नेऊन पाहिला तेव्हा दिसलं की ही अडचण आधीपासूनची होती. नवी रचना चढल्यापासून त्या पोस्ट विनंत्या मुखपृष्ठावर जात होत्या. अभिप्रायाच्या ॲक्शनवर सीएसआरएफ तपासणी (फॉर्म आपल्याच संकेतस्थळावरून आला आहे ना, याची खात्री) मुद्दाम बंद ठेवली होती, मुखपृष्ठावर ती चालू होती, म्हणून त्यांना ४०० (चुकीची विनंती) मिळत होता. लॉगमध्ये ते ४०० दिसत होते, पण 'बॉट असतील' म्हणून कोणी खोलात गेलं नव्हतं. आता रीडायरेक्ट आल्यावर ४०० थांबले आणि परिस्थिती उलट बिघडली: ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर बहुतेक क्लायंट पुढची विनंती पोस्टऐवजी गेट (नुसतं पान मागणारी) म्हणून करतात. मजकूर वाटेत गळतो, नव्या पत्त्यावर रिकामा फॉर्म दिसतो, कोड २००.

पद्धत न बदलणारे कोड आहेत: तात्पुरत्यासाठी ३०७ आणि कायमसाठी ३०८. ३०८ प्रमाणित झाला तो २०१५ मध्ये, आरएफसी ७५३८ या इंटरनेट मानकात. डेव्हलपरचा कल त्याकडे होता आणि तत्त्वतः तो बरोबर होता. पण पलीकडचं पोर्टल जुन्या लायब्ररीवर चालत होतं. तिला ३०८ कळतो का, आणि कळला तरी पोस्टवर ती रीडायरेक्टमागे जाते का, हे तिथलं कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हतं. शेवटी ठरलं की रीडायरेक्ट फक्त गेट आणि हेड (पानाची फक्त माहिती मागणाऱ्या) विनंत्यांना. जुन्या पत्त्यावर पोस्ट आली तर हँडलरने आतल्या आत पाथ बदलून योग्य ॲक्शनकडे द्यायची, बाहेर काही कळू द्यायचं नाही. हे शुद्ध रचनेत बसत नाही, पण अभिप्राय पोचू लागले.

काना-मात्रांचा पेच आणि कडक तपासणी

संकेतस्थळावर एकच लेख दोन-तीन पत्त्यांवर उघडत होता. नव्या आकाराचा पत्ता तर होताच, '/लेख/दर्शन?आयडी=४२' हाही चालत होता, आणि पत्त्यात इंडेक्स.पीएचपी घातलं तरी पान येत होतं. 'शो स्क्रिप्ट नेम' बंद केल्याने फक्त नवे दुवे स्क्रिप्टच्या नावाशिवाय बनतात. येणारी विनंती त्याने अडत नाही. आणि नियमात न बसलेला पत्ता यी २ मुळात सरळ कंट्रोलर-ॲक्शन म्हणून वाचून बघतं. हे बंद करायला 'एनेबल स्ट्रिक्ट पार्सिंग' ही कडक तपासणी चालू केली: नियमात न बसणारा पत्ता म्हणजे ४०४.

चाचणी सर्व्हरवर मुखपृष्ठ ४०४. हसण्यावारी गेलं, पण कारण सरळ आहे: कडक तपासणीत रिकाम्या पाथसाठीही नियम लिहावा लागतो. तो लिहिला. मग लक्षात आलं की यादीतले बरेच लेख उघडत नाहीत. काही उघडतात, बहुतेक नाहीत, आणि त्यामागे तारीख, विभाग, लेखक असं कोणतंच सूत्र दिसेना.

सूत्र मथळ्यात होतं. स्लगच्या नियमात डेव्हलपरने 'शब्दवर्ण किंवा जोडरेघ' असा नेहमीचा रेग्युलर एक्स्प्रेशन (कोणता मजकूर चालेल याचा साचा) दिला होता. यी २ हे पॅटर्न युनिकोड चिन्हासह चालवतं, त्यामुळे देवनागरी चालेल असा समज होता. आणि चाललीही, अर्धी. त्या सर्व्हरवरच्या पीसीआरईत (पीएचपी असे साचे ज्या लायब्ररीने तपासते ती) शब्दवर्ण म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा. 'क' हे अक्षर आहे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. डेव्हलपरने चाचणीसाठी घेतलेला लेख होता 'कलम-८'. एकही मात्रा नाही. तो आधीपासून चालला. 'पाणी-वापर' पहिल्याच कान्याला अडला.

मग इतके दिवस हे दिसलं कसं नाही? कारण पॅटर्नमध्ये स्लग बसला नाही की यूआरएल मॅनेजर तो नियम सोडून देतो आणि पत्ता साध्या राउटवरून बनवतो: '/लेख/दर्शन?आयडी=५७&स्लग=…'. तो पत्ता ढिल्या तपासणीत उघडत होता. म्हणजे नवी रचना लागू होऊनही बहुतेक लेखांचे दुवे नव्या आकारात बनतच नव्हते, आणि पानं उघडतात म्हटल्यावर पत्त्याच्या पट्टीकडे बघतो कोण! गमतीचा भाग असा की ज्यांच्या तक्रारीवरून काम सुरू झालं त्या संपादकांनाही हे जाणवलं नव्हतं.

दुरुस्ती एका जागेची होती. स्लगचा पॅटर्न काढूनच टाकला. पॅटर्न दिला नाही तर यी २ तिरकी रेघ सोडून काहीही स्वीकारतं, आणि स्लग बरोबर आहे का हे नाहीतरी आयडीवरून ॲक्शन ठरवतच होती. आयडीचा पॅटर्न मात्र सैल केला नाही, उलट आवळला. युनिकोड चिन्हासह 'अंक' म्हटलं की देवनागरी अंकही त्यात येतात, म्हणून तिथे शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक स्पष्ट लिहिले.

नियमांच्या क्रमाचा प्रश्न याच वेळी निघाला आणि लवकर मिटला: यादीत वरून पहिला जुळेल तो नियम लागू होतो, म्हणून '/संग्रह/नवीन' हा ठरलेला पत्ता '/संग्रह/' नंतर काहीही चालणाऱ्या नियमाच्या वर हवा. शेवटच्या तिरक्या रेघेसाठी २.०.१० पासून यी २ मध्ये नॉर्मलायझर आहे. तो चालू केला, तो जादा रेघ काढून ३०१ देतो.

निष्पत्ती

कडक तपासणी, रीडायरेक्टचा तक्ता आणि पोस्टसाठीची आतली वाट, हे तिन्ही एकत्र चढवल्यावर लॉगमध्ये ४०४ची संख्या एकदम वाढली. या वेळी कोणी घाबरलं नाही. त्यातल्या बऱ्याच विनंत्या याआधी मुखपृष्ठ मिळवून गप्प बसत होत्या. त्या एकेक बघून तक्ता-फाइलमध्ये भर घातली गेली आणि वाढ ओसरली. मुखपृष्ठाच्या भेटी मूळ पातळीवर आल्या. संपादकांना ते का झालं ते समजावून सांगावं लागलं. शोधयंत्रांत नवे पत्ते हळूहळू दिसू लागले, जुने काही काळ सोबत रेंगाळले.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी लॉगमधून जुन्या पत्त्यांची यादी, मग ती तपासणारी स्क्रिप्ट, मग रीडायरेक्ट, आणि नवे पत्ते सगळ्यांत शेवटी. स्क्रिप्ट लिहायला फार वेळ लागला नाही, ती आधी असती तर वाचकाच्या पत्राची वाट बघावी लागली नसती. टीमने पहिल्या चढाईआधी चाचणी केली होती, पण फक्त नव्या पत्त्यांची.

कडक तपासणी पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला हवी होती, निदान चाचणी सर्व्हरवर. डेव्हलपरचा आक्षेप होता की त्याने कामाच्या सुरुवातीला सारखं काहीतरी मोडतं. मोडतं, आणि मोडलेलं दिसतं. ढिल्या तपासणीमुळेच काना-मात्रांचा दोष लपून राहिला होता. इथे माझं मत टीमपेक्षा ठाम आहे. अजूनही त्यांच्यात यावर एकवाक्यता नाही.

चाचणीचा मजकूर खऱ्या संग्रहातून उचलायला हवा होता: जोडाक्षरांचे मथळे, अवतरणचिन्हं असलेले, अतिलांब, दोन लेखांना सारखेच असलेले. आणि पोस्ट स्वीकारणारे सगळे पत्ते, विशेषतः बाहेरून येणारे, वेगळे नोंदवून त्यांच्या मालकांना आधी कळवायला हवं होतं. ४०० कडे दुर्लक्ष झालं ते एखाद्याच्या आळसामुळे नव्हे. त्या विनंत्या कोणाच्या आहेत हे लिहिलेलंच कुठे नव्हतं.

स्लगऐवजी आयडी मुख्य ठेवण्याचा निर्णय, चाचणी सर्व्हर प्रत्यक्ष सर्व्हरसारखा करण्याचा निर्णय आणि ३०१ आधी ३०२, हे तिन्ही पुन्हा तसेच करावेत.

तक्ता-फाइल कधी काढायची, हा प्रश्न मात्र खुला आहे. डेव्हलपरला ती नको आहे, प्रत्येक विनंतीला एक जादा अट तपासावी लागते म्हणून. अभियंतेने लॉग दाखवला: छापील अहवालांतल्या क्यूआर कोडमधून जुने पत्ते अजून येतात, आणि ते अहवाल ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. तूर्त फाइल जागेवर आहे, आणि तिच्या वरच्या टिप्पणीत लिहिलं आहे की लॉगमधून जुने पत्ते पूर्ण थांबल्याशिवाय काढू नये.